चार-चार महिन्यांची आत्या

आत्या पडली ती धानकापणीच्या दिवसांत. डोक्यावर भारा घेऊन ती बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून येत होती, पाय घसरला आणि ती कुशीवर आदळली. मी तेव्हा गावात नव्हते. त्याच वर्षीच्या वैशाखात लग्न होऊन मी वडस्याला गेले होते. नवरा राईस मिलवर मिस्त्री होता. निरोप आला तो मिलवर धान घेऊन आलेल्या आमच्या गावच्या गाडीवानाकडून. तो दारात उभा राहून म्हणाला, "तुमची आत्या पडली. उठता येऊन नाई राह्यलं."

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिच्या चौदाव्या वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी परत आली ती कायमचीच. तिन्ही धाकट्या भावांच्या लग्नांत सगळा स्वयंपाक तिने केला, मांडवात मात्र कधी आली नाही. माझी आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. बाबांनी दुसरं लग्न केलं नाही, कारण घरात आत्या होती. माझं न्हाणं, वेणी, ताप, पहिलं लुगडं, सगळं तिच्या हातचं. तिच्याजवळ माया बोलून दाखवायची रीत नव्हती. ती केसांतून फणी जोरात ओढायची आणि मी ओरडले की म्हणायची, "गप राय वं. झालंच."

तिला छोट्या गाडीने, अरुंद रुळांच्या रेल्वेने, चांद्याला नेलं. चंद्रपूरला तेव्हा आम्ही सगळे चांदाच म्हणायचो. दवाखान्यात ती दोन महिने होती. डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, की खुब्याचं हाड आता जुळायचं नाही, धरून बसवली तर बसेल, पण चालणार नाही. परत येताना त्यांना वडस्याला गाडीतून उतरायचं होतं. वडस्याच्या स्टेशनवर मी भाकरी घेऊन गेले होते. फलाटावर खाट ठेवली होती, खाटेवर आत्या, आणि आजूबाजूला लोक वाकून बघत होते. तिने पदर तोंडावर ओढून घेतला होता. मी हाक मारली तरी तिने तो बाजूला केला नाही.

संक्रांतीला मी माहेरी गेले. त्याच वेळी दोन्ही काका आले. मधले काका जंगल खात्यात नाकेदार होते, धानोऱ्याला सरकारी घरात राहायचे. धाकटे काका चांद्यात कचेरीत होते, परकोटाच्या आत भाड्याच्या खोलीत. आणि गावच्या घरी बाबा, माझा भाऊ, वहिनी आणि त्यांची तीन लहान मुलं. तिघे भाऊ ओसरीवर बसले. आत्याची खाट आतल्या खोलीत होती, आणि मधल्या दाराला फळी नव्हती. तिला सगळं ऐकू जात होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

धाकटे काका म्हणाले, "चार-चार महिने वाटून घेऊ. कोणाच्या एकट्यावर पडायले नको."

मधले काका म्हणाले, "पावसात धानोऱ्याची मोटार बंद होते. मले उन्हाळा द्या."

"मंग पावसाळा माह्याकडे," बाबा म्हणाले. "हिवाळा तुह्याकडे."

इतक्यात ठरलं. त्यांच्यापैकी एकही वाईट माणूस नव्हता, हे मी आज म्हातारी होऊन सांगते. टाकून द्या असं कोणी म्हणालं नाही. बहिणीचं करायचं हे तिघांनाही मान्य होतं, फक्त तिला काय हवं हे विचारायचं कोणाच्या मनातच आलं नाही. माझ्याही नाही.

मग धाकट्या काकांना आठवलं की मी तिथे दारात उभी आहे. ते म्हणाले, "वडस्याले हिच्याकडे ठेवता आली तर? दवाखाना जवळ, टेसन जवळ. आणि हिले तिनंच वाढवलं."

बाबा म्हणाले, "पोरीच्या सासरी बहीण ठेवायची? लोक काय म्हणतीन?" पण ते म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आत पाहिलं. आत्याने मान वळवली होती आणि ती माझ्याचकडे पाहत होती. मी खाली पाहिलं आणि म्हणाले, "मामाजींना विचारावं लागेल."

मामाजी म्हणजे माझे सासरे. भला माणूस. मी विचारलं असतं तर ते कदाचित हो म्हणाले असते. पण मी त्यांना कधी विचारलंच नाही. वडस्याला परत आले आणि पहिल्या दिवशी वाटलं, उद्या विचारू. मग आठवडा गेला. दोन खोल्या होत्या आमच्या. जन्मात पहिल्यांदा मला असं घर मिळालं होतं, जिथे दुपारी दार लोटून मी नुसती बसू शकत होते. त्या दुपारी मला मोडायच्या नव्हत्या. आत्याला उचलणं, पुसणं, तिचं सगळं खाटेवर करणं, हे डोळ्यांसमोर आलं की मी दुसरं काहीतरी काम काढायचे. माझ्या नवऱ्यालाही हे मी कितीतरी वर्षांनी सांगितलं.

त्या संक्रांतीनंतर आत्या धानोऱ्याला गेली. गाडीने, मग मोटारीच्या मागच्या बाकावर आडवी करून. तिथलं तिने मला पुढे सांगितलं. काकू सकाळी पाण्याला जायची, मुलं शाळेत, काका जंगलात. घरामागे मोहाची झाडं, चैत्रात तो गोड, जड वास दिवसभर घरात भरून राहायचा आणि आत्याच्या डोक्यात चढायचा. माणसाचा आवाज म्हणजे एक गोंड बाई. ती मोळी घेऊन रोज दारावरून जायची, थांबायची आणि आत पाहून गोंडीत काहीतरी बोलायची. आत्याला गोंडीचा एक शब्द येत नव्हता. ती आपली म्हणायची, "हाव बाई, बरी आहो." ती बाई पुन्हा काहीतरी बोलायची आणि जायची. चार महिन्यांत आत्याचं सगळ्यात जास्त बोलणं झालं ते तिच्याशी.

"काय म्हणत असन वं ती?" आत्याने मला विचारलं होतं. मला कुठून ठाऊक असणार?

पावसाळ्यात ती गावी आली. रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस. आमच्याकडे रोवणी म्हणजे घरात चिटपाखरू राहत नाही. वहिनी तान्ह्या मुलालासुद्धा धुऱ्यावर झोळीत टांगायची. सकाळी आत्याच्या खाटेजवळ पाण्याचा गडवा आणि झाकून ठेवलेला भात ठेवून सगळे जायचे, ते दिवस कलला की यायचे. पाठीला जखम झाली तेव्हा वहिनी रडली. पण दुसऱ्या दिवशी रोवणीला तिला जावंच लागलं.

त्याच दिवसांत तळ्यावरची मावशी घरात येऊ लागली. ही आमच्या गावची ढिवराची, म्हणजे मासेमारांच्या जातीतली बाई. तळ्याच्या पाळीखाली, बांधाच्या पाण्याकडच्या अंगाला तिची झोपडी होती. नवरा जाऊन वीस वर्षं झाली असतील, मूलबाळ झालं नाही. तळ्यात मासोळी धरायची, शिंगाडे लावायची, आणि टोपली घेऊन दारोदार विकायची. आमच्या घरी ती माझ्या लहानपणापासून यायची, पण ओसरीच्या पायरीपर्यंतच. मासोळी द्यायची, पदरात तांदूळ घ्यायची. आत्या विधवा झाल्यापासून मासोळी खात नव्हती, तरी मासोळी पारखून घ्यायचं काम तिचंच. दोघींची त्यावरून रोज घासाघीस चालायची.

एका दुपारी मावशीने हाक मारली आणि आतून कोणी बाहेर येईना. आत्या म्हणाली, "घरी कोनी नाई. मी आहो, पन मले येता येत नाई." मावशी पायरीवर घटकाभर उभी राहिली असेल. मग टोपली खाली ठेवून ती सरळ आत गेली. आत्याला कुशीवर वळवलं, जखम पाहिली, धुतली. दुसऱ्या दिवशी कसलासा पाला वाटून घेऊन आली. मग रोजच येऊ लागली. वहिनीला हे कळलं तेव्हा ती बाबांना काही बोलली नाही. तिच्या डोक्यावरचं ओझं थोडं हलकं झालं होतं.

दसऱ्यानंतर चांद्याची पाळी आली. चांद्याच्या खोलीत मी आत्याला एकदा भेटायला गेले. ती बोळातली खोली, एकच खिडकी आणि तीही समोरच्या भिंतीवर उघडणारी. खाट दाराशी लावली होती, उजेडासाठी. दाराची खालची फळी तुटलेली, तिथून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पाय दिसायचे. काकू माझ्यासाठी चहा करत होती, तेव्हा आत्या हळूच म्हणाली, "आता पाय, लाल काठाचं लुगडं येईन." खरंच लाल काठ गेला. "रोज याच वक्ताले जाते. पायात जोडवी नाई. माह्यावानीच असन." आणि मग ती त्या फटीकडेच पाहत राहिली. मी आणलेले मुरमुऱ्यांचे लाडू उशाशी तसेच होते. तिची पत्र्याची पेटी खाटेखाली होती, दोरीने बांधलेलीच. मी विचारलं, "पेटी सोडली नाही का अजून?"

"काऊन सोडू? पुन्हा बांधाच लागते."

परतीच्या गाडीत मला वडस्यापर्यंत जागा मिळाली नाही. उभ्या उभ्या मी ठरवलं, की आज घरी गेल्या गेल्या मामाजींना विचारायचं. घरी गेले तर मामाजी तापाने पडले होते. पुढे ते बरे झाले. मी विचारलं नाही.

असं एक वर्ष गेलं, दुसरा उन्हाळा धानोऱ्यात गेला. मोळीवाली बाई त्या वेळी आली नाही. कुठे गेली, कोणाला सांगता आलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात आत्या गावी आली तेव्हा तिचे हात काटकीसारखे झाले होते. मावशी पुन्हा रोज येऊ लागली. दसऱ्याला मी माहेरी होते. सोनं वाटून झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जुंपली. भावाने पेटी उचलून गाडीत ठेवली. खाट उचलायला बाबा आणि तो आत आले.

आत्या म्हणाली, "मी नाई जात."

बाबांना वाटलं, तिला बरं नाही. "दोन दिस थांबू मंग. ताप आहे का, बाई?"

"ताप नाई. चांद्याले नाई जात. धानोऱ्यालेही नाई."

"इथी राहतं? रोवणी-कापणीत कोन पायनार तुले? सुनेले तीन लेकरं."

"इथीही नाई."

बाबा थांबले. "मंग कुठी?"

"तळ्यावर. तिच्याकडं."

तळ्यावरची मावशी अंगणात उभी होती. बरोबर तिचे दोन मोठे पुतणे, खांद्यावर बांबू घेऊन. म्हणजे दोघींनी आधीच बोलून ठेवलं होतं. बाबांनी अंगणाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. राग नव्हता तो. अंगणात सगळ्यांसमोर त्यांचं काहीतरी उघडं पडलं होतं.

"ढिवराच्या घरी राहतं तू? तीन भाऊ जिते असून? काय म्हनतीन लोक मले?"

आत्या म्हणाली, "तुमी तिघं ओसरीवर बसले होते, तवा मले विचारलं नव्हतं. आता मी तुमाले विचारून नाई राह्यली, भाऊ. सांगून राह्यली."

तिचा आवाज चढला नव्हता. मला आठवतं, चुलीवर वरण उतू जात होतं आणि वहिनी ते काढायला गेली नाही. बाबा मावशीला म्हणाले, "तुले झेपन का? हागणं-मुतणं आहे."

मावशी म्हणाली, "दोन पावसाळे झाले, दुपारचं मीच करून राह्यली, भाऊ."

बाबा मागच्या दाराने सांदवाडीत, परसात निघून गेले. खाट गेली तेव्हा ते समोर आले नाहीत. पुतण्यांनी खाट बांबूंना बांधली आणि भर गावातून नेली. लोक दारांत येऊन उभे राहिले. या वेळी आत्याने तोंडावर पदर घेतला नव्हता.

बाबा त्यानंतर तळ्यावर एकदाही गेले नाहीत. धान मात्र पाठवत राहिले, गड्याच्या हाती. काकांची पत्रं आली. मधल्या काकांनी लिहिलं, की खात्यात तोंड दाखवायला जागा उरली नाही. धाकट्यांनी एकाच ओळीत तब्येत विचारली होती. त्या ओळीत सुटल्यासारखं काहीतरी होतं, निदान मला तसं वाटलं. मला ते ओळखू येत होतं.

पौषात बाबांनी मला निरोप पाठवून बोलावलं. म्हणाले, "तुह्यं ऐकन ती. घरी घेऊन ये."

मी पाळीवरून खाली उतरले. झोपडी लहान, पण शेणाने सारवलेली, आणि दाराचं तोंड तळ्याकडे. दारासमोर उन्हात खाट होती. खाटेच्या वर दोन खांबांना आडवा बांबू आणि त्याला जाळ्याच्या दोरीचा जाड गोफ टांगलेला. तो धरून आत्या आपली आपण उठून बसत होती. दोन वर्षांत कोणाला हे सुचलं नव्हतं. ना डॉक्टरला, ना आम्हाला. तिच्या मांडीवर फाटकं जाळं होतं आणि ती ते सांधत होती. बाजूला सोललेल्या शिंगाड्यांचा ढीग. मासोळीचा वास सगळीकडे.

"बस," ती म्हणाली. मी आले म्हणून तिला फार आनंद झाला असं दिसलं नाही.

मी बसले. इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "आत्या, घरी चल."

"कोनाच्या?"

मी नजर वळवली. तळ्यात पांढरे पक्षी उतरले होते आणि पलीकडे मावशी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून शिंगाड्याचा वेल उलटा करत होती. मी म्हणाले, "मी मामाजींना विचारलं नव्हतं. तेव्हा. आणि नंतरही नाही."

आत्याने जाळ्याची गाठ ओढून घट्ट केली. "मले मालूम आहे. तू खाली पायलं तवाच समजली मी."

ती काही पुढे बोलेल म्हणून मी वाट पाहिली. असू दे पोरी, असं ती म्हणेल. ती म्हणाली नाही. गाठीवर गाठ मारत राहिली. मला आजवर कोणी इतकं एकटं पाडलं नाही, आणि त्यात तिचा काही दोष नव्हता.

दुपारी मावशी ओल्या लुगड्याने वर आली, चूल पेटवली. आत्यासाठी वेगळं मडकं होतं, त्यात भात आणि लाखोळीचं वरण शिजायचं. मावशी आपल्या मासोळीचा रस्सा करत होती. आत्या म्हणाली, "आज मले त्यातलं दे."

मावशीचा हात थांबला. माझ्याकडे पाहून ती म्हणाली, "नको बाई. ही घरी सांगन. माह्यावर येईन."

"सांगू दे. चौदा वर्साची होती तवा खाल्ली होती. चव भुलली मी."

मावशीने वाढलं. आत्याने पहिला घास घेतला आणि काटा जिभेने शोधायला तिला वेळ लागला. सवय गेली होती. दोघी हसल्या, त्यांचं ते आतलं हसणं. मी पाव्हणीसारखी बाजूला बसून जेवले. घरी जाऊन मी बाबांना सांगितलं, ती येत नाही. मासोळीचं सांगितलं नाही.

त्यानंतर आत्या दोन पावसाळे जगली. मला त्या काळात मूल झालं, येणं कमी झालं. आले की तळ्यावर जायचे. ती मुलाला मांडीवर घ्यायची, माझ्याशी चांगलं बोलायची, मिलचं, पावसाचं, मुलाच्या दातांचं. पण पूर्वीसारखी ती कधी रागावली नाही माझ्यावर. "गप राय वं" असं तिने मला पुन्हा कधीच म्हटलं नाही.

ती गेली ती माघात, सकाळी, उन्हात बसल्या बसल्या. मावशीने गावात येऊन ओसरीच्या पायरीवरून सांगितलं. बाबा, भाऊ आणि चार माणसं गेली आणि तिला घरी आणलं. आपल्या घरातूनच तिने निघावं, असं बाबांना वाटत होतं. दोन्ही काका दुसऱ्या दिवसापर्यंत पोचले. मी ती गेली त्याच संध्याकाळी आले, तेव्हा सगळं उरकलं होतं. मावशी स्मशानाच्या वाटेवर थोडी मागे चालत होती, असं वहिनी म्हणाली. अंगणात तिला कोणी बोलावलं नाही आणि तीही आली नाही.

तिसऱ्या दिवशी मी तळ्यावर गेले. मावशी झोपडीच्या आत बसली होती, बाहेर ऊन असून. मी घरून भात-वरण नेलं होतं. तिने ते घेतलं आणि बाजूला ठेवलं.

"तू कशी आहेस, मावशी?"

"मी बरी आहो. सकाळचं कामात जाते." मग म्हणाली, "दुपारी दोनदा हाक मारली मी तिले. चुकून."

मी विचारलं, "तुझं पुढे कोण पाहील?"

ती माझ्याकडे अशी पाहू लागली, जणू हा प्रश्न विचारायचा मला काय अधिकार. मग म्हणाली, "पायतीन पुतने. नाई तं तळं आहे." आणि टोपली घेऊन उठली, शिंगाड्याचे शेवटचे वेल ओढायचे होते.

पुढल्या वर्षी ती पुतण्यांबरोबर नदीपलीकडे कुठल्याशा मोठ्या तळ्यावर राहायला गेली, असं कळलं. कुठलं तळं, ते मी विचारून घेतलं नाही.

आत्याच्या तेराव्यानंतर मी निघायच्या दिवशी बाबा मला पोचवायला गाडीपर्यंत आले. ते एकदम थकले होते त्या पंधरा दिवसांत. गाडीवान बैल जुंपत होता. बाबा चाकाच्या धावेवर हात ठेवून उभे होते. माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारलं, "माह्याबद्दल काही म्हने का ती?"

आत्याने त्यांचं नाव एकदाही काढलं नव्हतं. निदान माझ्याजवळ नाही.

"म्हणायची," मी म्हणाले. "तुमचे गुडघे कसे आहेत, विचारायची. नेहमी."

बाबांनी मान हलवली. "गुडघे बरे आहेत," ते म्हणाले, आणि मला गाडीत चढायला हात दिला.